बर्फ कारखान्यातला भाडेकरू

मालवण,
आषाढ संपत आला.

प्रिय संचिता,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, तुझ्या बाबांचा गुडघा सोडून, आणि तो तर तू रांगत होतीस तेव्हापासून दुखतो आहे. हातात फोन असताना आईने कागद का काढला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू म्हणतेस "सगळं छान", मी म्हणते "इथंही छान", आणि मग दोघी मिळून पावसाची चौकशी करतो. त्यात मी फोन लावला की तुझे बाबा पंखा बंद करून शेजारी येऊन बसतात, तुझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. आज ते बंदरावर गेलेत. सोसायटीच्या ऑफिसात मी एकटी आहे, बाहेर कोसळतोय, आणि बर्फाच्या पावत्या फाडायला अजून गिऱ्हाईक नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी कारखान्याचं सांगते. त्यातलं बरंचसं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण मला ते आत्ता आत्ता कुठे समजलंय आणि समजलेलं कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. आपल्या मच्छीमार सोसायटीचा बर्फ एका प्रोग्रॅमच्या जिवावर होतो. कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, मिठाच्या पाण्याची टाकी किती थंड ठेवायची, लादी कधी काढायची, सगळं तो ठरवतो आणि तुझे बाबा त्याच्यावर नजर ठेवतात. तो ज्यांनी बनवला त्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलं. आणि प्रोग्रॅम असा हट्टी, की एका जुन्यापुराण्या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय कुठे पायच ठेवत नाही. खाऱ्या वाऱ्याने जुना कॉम्प्युटर गंजून बसला, तेव्हा तू गणपतीला आली होतीस. तू नवा कॉम्प्युटर घ्यायला लावलास, त्यात तुझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घातलंस आणि त्याच्या पोटात तो जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा वसवलास. व्हर्च्युअल मशीन. समितीला ते काही केल्या कळेना, तेव्हा बाबांनीच समजावलं, "नव्या कॉम्प्युटरात जुनो कॉम्प्युटर भाड्यान रवता." तेव्हापासून कारखान्यात त्याचं नावच भाडेकरू पडलं. सकाळी कामावर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "भाडेकरू उठलो काय?"

तर या उन्हाळ्यात तुझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आपोआप नवं झालं आणि पडद्यावर एक पिवळी पट्टी आली. तुमची आतली ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या आधाराच्या, म्हणजे सपोर्टच्या, यादीत शेवटच्या पातळीला गेली आहे, असं काहीसं. मी ती यादी शोधून छापून घेतली आणि दुपारच्या वेळी चवीने वाचली. काय सुंदर यादी केलीय गं त्या लोकांनी! पहिल्या पातळीला पूर्ण आधार. म्हणजे काहीही बिघडलं तर ते स्वतः बघणार आणि दुरुस्त करणार. दुसरीला मर्यादित आधार. आजार जुना आणि ओळखीचा असेल तर औषध सांगणार, नवा असेल तर हात वर. तिसरी पातळी म्हणजे शक्य तेवढा प्रयत्न, त्यात बहुधा सगळं नुसतं ऐकून घेतात. आणि शेवटची, आधार समाप्त. चालू झालं तर तुमचं नशीब, नाही झालं तर कृपया फोन करू नये.

माणसांनाही अशी यादी लावता आली तर किती भांडणं वाचतील! मी लगेच घरात लावून बघितली. तुझे बाबा मर्यादित आधार: गुडघा, चहा आणि हरवलेला चष्मा एवढ्याच तक्रारी स्वीकारल्या जातील, निवडणुकीबद्दलच्या नाहीत. तुझी रूपाली आत्या, शक्य तेवढा प्रयत्न. आणि शेजारचा बाळा, ज्याने आपली शिडी नेली ती नेलीच आणि वर आता आपल्यालाच विचारतो की शिडी आहे का, त्याचा आधार समाप्त. तुला कुठे घातलं ते विचारू नकोस. तू शिमग्याला आली नाहीस. चाकरमानी झाडून सगळे आले, पालखी दारात आली, आणि तू मात्र "काम फार आहे" म्हणून तिकडेच राहिलीस. त्याच रागाने मी तुला एक पातळी खाली ढकललं होतं.

पट्टी आली तरी मे अखेरपर्यंत भाडेकरू कामाला होता. मग मासेमारीची बंदी लागली आणि कारखाना झोपला. आषाढात एकदा कारखाना चालवून बघायची आपली पद्धत, कारण बंदी उठली की बोटी बर्फ भरूनच सुटतात. या वेळी बाबांनी बटण दाबलं, नवा कॉम्प्युटर सुरू झाला, पण भाडेकरू काही केल्या उठेना. काळा पडदा, त्यात एक बारीक रेघ उघडमीट करतेय, बस. बाबांनी बंद करून पुन्हा लावला. मग त्याच्याशी गोड बोलून बघितलं. मग शिव्या घातल्या. रेघ तशीच.

आपले चेअरमन गंगारामकाका, त्यांनी लगेच समिती बोलावली. माणूस वाईट नाही, पण त्यांनाही चार बोटवाल्यांना तोंड द्यायचं असतं. बाहेरचा एक कंत्राटदार गेल्या वर्षापासून कारखाना चालवायला मागतोच आहे. तो स्वतःची यंत्रं आणणार, स्वतःची माणसं आणणार. काका म्हणाले, "नारळी पुनवेक दर्यात नारळ सोडूच्या आदी माका बर्फाची हमी व्हयी. नायतर मी कंत्राटार सही करतलंय, मगे माका कोणी बोलू नको." बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन पेज तशीच ठेवली. तो कॉम्प्रेसर आजारी पडायच्या आधी त्यांना त्याच्या आवाजावरून कळतं. तो गेला तर या माणसाने दिवसभर करायचं काय? माझ्या पावत्यांचं सोड, मी कुठेही बसून कुणाचंही डोकं खाऊ शकते. पण त्यांच्याकडे बघून मला भीती वाटली, हे सरळच लिहिते.

मी पहिला फोन तुलाच लावला. तू उचलला नाहीस. आणि उचललाही असतास तरी काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे: "आई, आधी तिकीट टाक. आई म्हणून मी तुझं सगळं ऐकते, पण काम तिकिटावरच करते." एवढी नियमाची पक्की मुलगी माझ्या पोटी आली कुठून, देव जाणे. म्हणून या वेळी शहाण्यासारखं रीतसर तुमच्या हेल्पलाइनला फोन केला आणि संचिताला द्या म्हटलं. ती मुलगी म्हणाली, या नावाचं कुणी दिसत नाही. मी म्हटलं, अहो, मालवणची संचिता! तरी दिसेना. मला वाटलं, कंपनी मोठी, कोण कुणाला ओळखतंय. मी नाद सोडला आणि तक्रार नोंदवली.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. तुमचे लोक म्हणाले, घर आमचं ठणठणीत आहे, आजारी आहे तो भाडेकरू. ज्यांनी ती ऑपरेटिंग सिस्टिम बनवली त्यांना विचारा. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, ती दुसऱ्याच्या घरात राहते ना, मग आम्हाला काय माहीत दुखणं तिचं की घराचं? आधी हाच बिघाड खऱ्याखुऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर करून दाखवा, मग बघू. मी कपाळावर हात मारला. खरा जुना कॉम्प्युटर कारखान्याच्या पडवीत पालथा पडलाय आणि त्याच्या खोक्यात मांजर व्यालंय. मी तसं सांगितलंही. त्यांनी विचारलं, म्हणजे मशीन सध्या वापरात आहे का? मी म्हटलं, हो, पूर्ण वापरात आहे.

शेवटी तुमच्या कंपनीने व्हिडिओवर मीटिंग ठरवली. आता जे झालं ते तू ऐक, आणि हसलीस तरी हरकत नाही, मीही आता हसते.

मीटिंग सकाळची. गंगारामकाकांनी ठरवलं, यंत्राची गोष्ट आहे, आधी देवाला गाऱ्हाणं घालून घेऊ. झालं! कॉम्प्युटरपुढे पाट, पाटावर नारळ, उदबत्ती, समितीची झाडून सगळी माणसं हात जोडून आणि डोळे मिटून उभी. काकांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा रामेश्वरा, नारायणा, म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्यापुढे उभी आसत, म्हाराजा!" सगळे एका दमात, "व्हय म्हाराजा!" "तेंच्या ह्या कारखान्यातलो भाडेकरू रुसान बसलेलो आसा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "कोणाचा काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि इथे काकांना उदबत्तीच्या धुराचा ठसका लागला.

नेमका तेवढ्यातच पडद्यावर तुमच्या कंपनीचा मुलगा उगवला. यतीन त्याचं नाव. नारळाच्या शेंडीमागून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. सगळे हात जोडून शांत उभे बघून त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, आपलीच वाट बघताहेत. त्याने नमस्कार केला आणि समोरचा कागद वाचायला घेतला, एकेक वाक्य, सावकाश, मध्ये थांबत. आवाजही त्याचा चांगला खर्जातला. "आपली आतली ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या यादीत शेवटच्या पातळीवर आहे, याची आपल्याला कल्पना आहे." मिटल्या डोळ्यांनी अख्खी समिती म्हणाली, "व्हय म्हाराजा!" यतीन दचकला, पण खूशही झाला. "तिच्यात बिघाड झाल्यास आमच्यावर जबाबदारी राहणार नाही." "व्हय म्हाराजा!" "सुरक्षेच्या सुधारणा यापुढे मिळणार नाहीत." "व्हय म्हाराजा!" "आणि या मशीनबद्दल आपण पुन्हा आमच्याकडे तक्रार नोंदवणार नाही." या वेळी तर छपराचे पत्रे थरथरले. खोटं कशाला बोलू, माझेही हात जोडलेले होते आणि मीही म्हटलं. जन्मापासूनची सवय, समोरचा थांबला की तोंडातून निघतंच. काकांचा ठसका थांबला, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "हो कोण?" तोवर सगळं रेकॉर्ड होऊन गेलं होतं.

संध्याकाळी मेल आली. ग्राहकाने सर्व अटी एकमुखाने मान्य केल्या आहेत, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. काकांनी ती मेल मला मोठ्याने वाचायला लावली. कंत्राटदाराला मात्र बंदरावर कुणीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला.

आणि मग मंगळवारी भर दुपारी तुझा फोन. बाबांनी तुला परस्पर कळवलं होतं म्हणे. तू दुपारी बसलीस ती दिवेलागणीपर्यंत फोनवरच होतीस. मला सांगत होतीस, हे दाब, ते वाच, हे सोड. मार्चमध्ये तू तिकडूनच एक स्नॅपशॉट काढून ठेवला होतास, म्हणजे भाडेकरूची धडधाकट असतानाची नक्कल. तुमचं सॉफ्टवेअरही एक पायरी मागचं घातलंस, इंटरनेटची वायर काढायला लावलीस, आणि भाडेकरू डोळे चोळत उठला! फक्त त्याला अजून शिमग्याचेच दिवस वाटताहेत, त्यामुळे पावतीवर तारीख मार्चची येते आणि मी ती पेनाने सुधारते. पहिली लादी निघाली तेव्हा बाबांनी तिला म्हशीला थोपटतात तसं थोपटलं. मी आनंदाने सगळ्यांना चहा पाजला, कंत्राटदाराचे पेढे त्याच चहाबरोबर संपवले, आणि घरी जाताना वाटेत माझ्या लक्षात आलं की तू एकदाही तिकीट मागितलं नाहीस. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, इतके तास. मध्ये मागून कुकरच्या शिट्ट्याही ऐकू आल्या होत्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. काल पुन्हा समिती बसली. काका म्हणाले, "आज चेडवान फोनार उठवल्यान. उद्या दर्यात बोटी आसताना परत झोपलो तर कोणाक हाक मारूची?" त्यांचं चुकत नाही. तुमची कंपनी सुटली, जुनी सिस्टिम बनवणारे सुटले, आणि आम्ही तर देवासमोर सगळं कबूल करून बसलोय. कंत्राटदाराचा कागद अजून टेबलावर आहे. मग चौकशी केली तेव्हा कळलं की देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यांतही हाच प्रोग्रॅम आहे आणि त्यांच्याही पडद्यावर तीच पिवळी पट्टी. तिघांनी मिळून एक माणूस पगारावर ठेवायचा, जो इथेच राहील, तिन्ही भाडेकरूंची देखभाल करील आणि पुढेमागे त्यांना नव्या घरी हलवील, असं ठरलं. तसा माणूस पौर्णिमेच्या आत मिळाला तर कारखाना आपला. नाही मिळाला तर काका सही करणार. उठताना ते मला म्हणाले, "तुझ्या चेडवाक इचार गो, तिच्या वळखीत असो कोण मनीस गावतलो काय." मी म्हटलं, विचारते.

तर विचारते आहे, आणि कागदावर विचारते आहे, कारण हे फोनवर विचारलं असतं तर तू "बघते" म्हणाली असतीस आणि पावसाचं बोलली असतीस. संचिता, मला माहीत आहे. त्या गाऱ्हाण्याच्या दिवशी सगळे खोबरं खायला बाहेर गेले तेव्हा यतीनने जाता जाता विचारलं, आपण संचिता मॅडमच्या आई ना? म्हणाला, ही यादी मला त्यांनीच शिकवली. त्यांची अख्खी टीम कंपनीने होळीच्या आधी बंद केली, आम्हाला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, हो, माहीत आहे मला. पोरापुढे तुझी लाज का काढू? मग कॉम्प्युटर बंद केला आणि रिकामी पावतीपुस्तकं उगीच चाळत बसले. नोकरी गेली याचं मला काही नाही, नोकऱ्या जातात. पण तू तिकडे एकटीने जेवत होतीस आणि मला फोनवर छान म्हणत होतीस, ते मला लागलं. आणि शिमग्याला न येण्यावरून मी तुला तेव्हा काय काय बोलले, ते सगळं मी परत घेते. आता नीट वाच. मी तुला दयेपोटी बोलवत नाही. सोसायटीला दया परवडत नाही आणि मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. आम्हाला माणूस हवा आहे, खरोखर हवा आहे, आणि ज्याने हा भाडेकरू वसवला त्याच्याइतकं त्याला कुणीच ओळखत नाही. तुझ्या वतीने मी समितीला काहीही कबूल केलेलं नाही, एकदा कबूल करून पोट भरलंय. दुसरा कुणी सुचवायचा असेल तर सुचव, मी काकांना नाव देईन आणि तुला पुन्हा विचारणार नाही. स्वतः यायचं असेल तर मालवणच्या एसटी स्टँडवर उतर, आम्ही रिक्षा घेऊन येऊ. फक्त पौर्णिमेआधी कळव. बाबांना मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. ते वरून कडक, पण तुझ्या बाबतीत फार हळवे आहेत, त्यांना हे सोसायचं नाही. आल्यावर तूच सांग, सावकाशीने. हे बघ, आलेच ते. काय लिहितेस विचारलं, मी म्हटलं सोसायटीचं काम. डिंक संपलाय, शेजारच्या पूजाच्या दुकानातून घेऊन येते आणि पाकीट चिकटवते.

तुझीच,
आई

चेडवा, आई डिंक हाडूक गेली हा, पाकिटार तुझा नाव बघलंय, तवसर घायघायत ही चिटी लिवन आत सारतंय. तिचा पत्र वाचूक नाय. तुझ्या हापिसात धाडलेली आंब्याची पेटी परत इली, तेवाच माका समाजला. आईक सांगूक नाय. ती तुझ्या बाबतीत भारी हळवी, तिका सोसूचा नाय. पेटी तिका दिसाक नको म्हणान सगळे आंबे कारखान्यात बसान एकट्यान खालंय, एक पण गोड लागलो नाय. तुझी खोली रंगवून ठेवलंय, आईक वाळवी लागली म्हणान सांगलंय. तू ये. आणि ह्या आईक सांगू नको.
— बाबा